अरादची साखर

बहारीनहून परतल्यापासून भेटेल तो मला दोनच प्रश्न विचारतो. सोनं स्वस्त आहे का, आणि उकाडा फार असतो का. सोन्याच्या दुकानाबाहेर मी काचेला नाक लावून उभा राहिलो, त्यापलीकडे माझा त्या धातूशी संबंध आला नाही. उकाड्याचं म्हणाल, तर मी जानेवारीत गेलो होतो आणि पुतणीचा स्वेटर घालून हिंडत होतो. गुलाबी. तिथे मी खाल्लं काय, हे मात्र कुणीच विचारत नाही, आणि सांगण्यासारखं नेमकं तेवढंच आहे.

आधी जाण्याचं कारण सांगतो. मी सांगलीचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं गुलाबाची कलमं लावतात, मी प्रेमकथा लिहायला लागलो. त्याही अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या. दीडशे वर्षांपूर्वीचा काळ, नजर पोचणार नाही असा गवताळ माळ, एका बाजूनं बैलगाड्यांवर कापडी छत ताणून आलेली गोरी कुटुंबं, दुसऱ्या बाजूला ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची होती ती माणसं, आणि मधोमध दोन वेडी पोरं. अमेरिका मी पाहिलेली नाही. घोडा पाहिलाय, टांग्याला जुंपलेला. तरी आमच्या वाचनालयात माझी पुस्तकं फाटेपर्यंत फिरतात. कागद हलका असतो, हेही एक कारण असेल.

माझ्या कादंबऱ्यांत एक गोष्ट ठरलेली असते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात दोघांपैकी एक जण मरतो. गोळी, हिमवादळ, नदीचा पूर. एकदा तर काही सुचेना म्हणून नुसता न्यूमोनिया. या खेपेला मात्र गाडी अडली होती. इंग्रिड ही नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याची मुलगी, मातीच्या ढेकळांच्या घरात राहणारी. तो लाकोटा जमातीचा तरुण. नदीच्या उताराशी ती पीठ घेऊन यायची, तो कातडी घेऊन यायचा, आणि देवाणघेवाण संपली तरी दोघं तिथेच उभी राहायची. आता दोघं पळून आली होती, शेकोटी पेटली होती, आणि मला पोरीला मारवेना. जिवंत ठेवावं तर पुढे काय करायचं तेही कळेना.

अशात बहारीनहून ऋजुताचा फोन आला. ऋजुता म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी, तिथल्या एका बँकेत हिशेबनीस. "काका, इकडे या. वाळवंट आहे, घोडे आहेत, क्षितिज आहे. तुमची अमेरिका इथे बसून लिहा."

दादाला हे कळलं तेव्हा तो स्वतः माझ्याकडे आला, जे तो सहसा करत नाही.

"जातोच आहेस तर एक काम कर. तिथे तो नदीम म्हणून मुलगा आहे."

नदीमबद्दल घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मूळ दापोलीकडचं कोकणी मुसलमान कुटुंब, आजोबांच्या वेळेपासून बहारीनला. ऋजुताला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. कुणी धर्म बदलायचा नाही, नाव बदलायचं नाही, सांगलीला येऊन नोंदणी करायची, इतकं त्या दोघांनी ठरवलंही होतं. फक्त बाबांनी हो म्हटल्याशिवाय करणार नाही, असं ती म्हणाली होती. आणि बाबा काहीच म्हणत नव्हते.

"त्यांच्या घरी जा आणि गोडीत नाही सांगून ये," दादा म्हणाला.

"मी? मला जमेल?"

"तुला नाही तर कुणाला? जन्मभर तेच करत आलायस. प्रत्येक पुस्तकात दोघांतलं एक मारतोस."

मग जरा वेळानं, चपला घालता घालता: "प्रेमाबिमाचं मला सांगू नकोस. ते ठीक असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय? सकाळी त्या स्वयंपाकघरात माझी मुलगी काय करणार? हिची आई तिच्याकडे राहायला जाईल तेव्हा पाणी कुठल्या भांड्यातून पिणार? तुझ्या पुस्तकांत ती सकाळ कधी येतच नाही."

हे त्यानं माझं केलेलं पहिलंच समीक्षण. दुर्दैवानं अचूक.

बाब अल बहरीन

बाब म्हणजे दरवाजा. पांढऱ्या कमानीखालून आत शिरलं की राजधानी मनामाचा जुना बाजार सुरू होतो, आणि आपण परदेशात आलो आहोत हे विसरायला होतं. कापडाच्या दुकानांपुढे मल्याळी, हिंदी, अरबी अशी भाषांची मिसळ चाललेली असते आणि अधूनमधून आपल्याला थेट मराठीत हाक येते. गल्ल्यांवर छप्पर असल्यामुळे ऊन गाळून आल्यासारखं पडतं. केशर, उदाची धुरी आणि नव्या कापडाची खळ यांचा एकत्र वास येतो. त्या वासानं मला गुंगी आल्यासारखं झालं. कुठे वळतोय याचं भान राहिलं नाही. निदान हलव्याच्या दुकानात सापडलो तेव्हा मी ऋजुताला हेच कारण दिलं.

मला मधुमेह आहे. विमानतळावरच ऋजुतानं फर्मान काढलं होतं: "काका, इथे साखर मफी." मफी म्हणजे नाही, मिळणार नाही, विषय संपला. तिच्या घरातला साखरेचा डबा गायब होता. बिस्किटंसुद्धा अशी आणली होती की ती खाताना पुठ्ठ्याबद्दल आदर वाटावा. आणि इथे बाजारात केशरी, लालसर, तुपानं चकाकणारा बहारिनी हलवा परातीत थरथरत होता, वर बदाम. विकत घेण्याआधी चमचाभर चाखायला देतात, ही त्यांची रीत. मी एका दुकानात केशराचा चाखला, दुसऱ्यात अंजिराचा, आणि तुलना नीट व्हावी म्हणून पहिल्यात परत गेलो. तिसऱ्या फेरीला तो दुकानदार गालात हसून म्हणाला, "खलास, बाबा. अब थोडा खरीदो."

मागून ओळखीचा आवाज आला. "का-का."

सोबत एक उंच, चष्मा लावलेला मुलगा होता. हसू दाबण्याच्या प्रयत्नात त्याचे कान लाल झाले होते. नदीमची आणि माझी ही पहिली भेट, माझ्या मिशीला केशर लागलेलं असताना.

त्याच्या वडिलांचं, इस्माईलभाईंचं, कापडाचं दुकान तिथून दोन वळणांवर. त्यांनी मला गादीवर बसवलं, बिनसाखरेचा चहा मागवला (बातमी आधीच पोचली होती) आणि दापोलीच्या आंब्यांबद्दल बोलत राहिले. लग्नाचा शब्द काढला नाही. मीही नाही. निघताना म्हणाले, "घरी या जेवायला. अरादला. तिकडे बोलू."

तिकडेच 'नाही' सांगू, असं मीही मनाशी म्हटलं. पुढे ढकलण्यात पाटबंधारे खात्यात मी बरंच नाव कमावलं होतं.

जिदहफ्सच्या पुढे

मनामाच्या पश्चिमेला जिदहफ्सचा बाजार लागतो. भाजीचे ढीग, मासे, दाटीवाटीची घरं. तो ओलांडला की खजुराच्या बागा सुरू होतात. तिथे नदीमच्या ओळखीच्या अबू हसन नावाच्या म्हाताऱ्या बहारिनी गृहस्थाचा तबेला आहे. माझा नायक घोड्यावरून नदी कशी ओलांडतो ते मला अंगानं समजून घ्यायचं होतं.

"दादाजी, घोडा मालूम?" अबू हसननं विचारलं. जुन्या बहारिनी माणसांना हिंदी चांगलं येतं.

"मालूम," मी म्हटलं. सहा कादंबऱ्यांचा अनुभव होता.

मला वर चढवायला दोन माणसं आणि एक स्टूल लागलं. घोडी पांढरी, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. "यल्ला!" अबू हसन म्हणाला, म्हणजे चल. घोडी चालली. लसूणघासाच्या ढिगाऱ्यापर्यंत गेली, मान खाली घातली आणि खाऊ लागली. मी लगाम ओढला. मी मराठीत विनवलं. तिनं शेपटीनं माझी पाठ झाडली.

मग मी नाद सोडला आणि नुसता बसून राहिलो. खरं सांगायचं तर बहारीनमधली ती माझी सगळ्यात सुंदर वेळ. संध्याकाळचं ऊन खजुरांच्या झावळ्यांतून पट्ट्यापट्ट्यांनी खाली आलं होतं. समुद्रावरून गार वारा येत होता आणि घोडीच्या पोटाची ऊब माझ्या पायांना लागत होती. झाडांपलीकडे मोकळी, फिकट जमीन. बघता बघता तिच्यावर गवत उगवलं. कमरेएवढं, वाऱ्याबरोबर वाकणारं. त्यातून इंग्रिड चालत आली, पिठाची पिशवी छातीशी धरून, पावलं ओली. तो उताराशी उभा होता. मी सहा पुस्तकं लिहिली, पण माझी माणसं मला इतक्या जवळून कधी दिसली नव्हती. तिच्या कपाळावर पीठ लागलं होतं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढे काय, असं विचारल्यासारखं.

"काका," नदीम म्हणाला.

गवत गेलं. तो लगाम धरून खाली उभा होता.

"तुम्ही 'नाही' सांगायला आला आहात ना? ऋजुताला माहीत आहे. तिच्या बाबांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर... यू नो, सगळं दिसतं त्यांच्या चेहऱ्यावर." त्याचं मराठी घरात आईशी बोलून शिकलेलं, शाळेतल्या इंग्रजीचे तुकडे जोडलेलं.

घोड्यावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही, हे माझ्या एकाही नायकानं मला सांगितलं नव्हतं.

"आधी मला खाली उतरव, मग बोलू," मी म्हटलं.

"उत्तर देऊन उतरता का?" तो हसत होता, पण लगामावरची बोटं पांढरी पडली होती.

"इंशाल्ला," मी म्हटलं. इकडे आल्यावर शिकलेला शब्द. देवाची इच्छा असेल तर.

"काका, जे काम करायचं नसतं ना, त्याला इथे आम्हीपण हेच म्हणतो." त्यानं घोडीची मान थोपटली. मग म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर ती थांबेल. आय नो हर. बाबांना सोडून येणार नाही. मीपण ये म्हणणार नाही. फक्त, काका, घरी येऊन सांगा. फोनवर नको. अम्मीनं तयारी केली आहे."

त्यानं मला उतरवलं. पाय इतके आखडले होते की मी गाडीपर्यंत फेंगड्या पायांनी चालत गेलो.

अराद

अरादला समुद्र फार नम्र आहे. लाटा नाहीत, आवाज नाही. किल्ल्याच्या भिंतीपाशी उथळ पाणी येऊन थांबतं. किल्ला वाळूच्याच रंगाचा, गोल बुरुजांचा. लांबून पाहिलं तर कुणा मुलानं बादली उपडी करून बनवल्यासारखा. त्याच्या मागच्या वस्तीत इस्माईलभाईंचं घर.

नदीमची आई, सलमाबाई, दारातच उभ्या होत्या. "या भाऊ, या. बसा ओ, लाजू नका." बाणकोट-दापोलीकडचा तो हेल कानावर पडला आणि मी घडवून ठेवलेलं 'नाही' जरा सैल झालं. घरातून कोलंबीच्या कालवणाचा वास येत होता. मी मासे मनापासून खातो. दादा खात नाही. दुर्दैवानं ऋजुतानं त्यांना दादाबद्दल सांगितलं होतं, माझ्याबद्दल नाही.

तेव्हा सगळ्यांच्या ताटात कोलंबी आणि माझ्या ताटात भेंडी.

"भाऊ, बिनघोर जेवा," सलमाबाई म्हणाल्या. "तुमचं सगळं नव्या भांड्यांत केलंय. त्यांत आजवर दुसरं काय शिजवलेलं नाय. ऋजुताच्या आईबाबांसाठी म्हणून वेगळी आणून ठेवली. वरच्या फळीवर असतात, कोण हात लावत नाय."

त्यांनी ती दाखवलीही. पातेलं, कढई, तांब्या, भांडी. पातेल्याच्या झाकणावर दुकानाचा स्टिकर तसाच होता, एका कोपऱ्यात जरा खरवडलेला. पातेलं आज पहिल्यांदाच चुलीवर चढलं असेल. तांब्या अजून कागदात होता.

मी भेंडी खाल्ली. शेजारी ऋजुता कोलंबी सोलत होती आणि माझ्याकडे बघायचं कटाक्षानं टाळत होती, कारण बघितलं असतं तर तिला हसू फुटलं असतं. मी मासे खातो असं आता कुठल्या तोंडानं सांगणार? ज्या बाईनं माझ्यासाठी पातेलं विकत घेतलं तिला?

जेवण झालं. आता बोलायचं होतं. घसा साफ करून मी सुरुवात केली, "इस्माईलभाई, मी जे सांगायला आलोय ते..."

"थांबा भाऊ," सलमाबाई म्हणाल्या. आतून एक छोटं चांदीचं ताट घेऊन आल्या, वर जरीचा रुमाल. ते माझ्यासमोर ठेवलं, रुमाल काढला. ताटात साखर. वेलची घातलेली, मधे खडीसाखरेचे मोठे खडे. "तुमी बसा निवांत," म्हणाल्या आणि आत गेल्या. इस्माईलभाई नमाजाला उठले. नदीम त्यांच्या मागे. ऋजुतासुद्धा "मी भांडी आवरते" म्हणून निघून गेली.

खोलीत मी आणि साखर.

वाचकांनी माझ्या जागी बसून पाहावं. सांगली सोडल्यापासून तोंडात गोडाचा कण नाही (हलवा धरायचा नाही, ते चाखणं होतं). पोटात भेंडी. डोक्यात 'नाही' कसं सांगायचं याची जुळवाजुळव. आणि पहारेकरीण ऋजुता खोलीबाहेर. मी इकडेतिकडे पाहिलं, मूठभर उचलली आणि तोंडात कोंबली. खडीसाखरेसकट. दोन्ही गाल फुगले. डोळे आपोआप मिटले. जिभेवर ती विरघळू लागली तसा मी पुन्हा त्या गवतात उभा होतो आणि वेलचीचा वास माळभर पसरला होता.

डोळे उघडले तेव्हा दारात इस्माईलभाई उभे होते.

ते माझ्या गालांकडे बघत राहिले. मग आत वळून, अगदी हळू, जणू मोठ्यानं बोललं तर काहीतरी उडून जाईल अशा आवाजात म्हणाले, "सलमा. भाऊंनी साखर खाल्ली."

सलमाबाई आल्या. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी. मागे नदीम. त्याच्या मागे ऋजुता, हातात ओलं भांडं.

"आमच्या गावाकडची जुनी रीत हाय भाऊ," इस्माईलभाई म्हणाले. "मुलीकडच्या मोठ्या माणसापुढं साखर ठेवायची आणि घरच्यांनी उठून जायचं. म्हंजे त्याला भीड पडत नाय. नको असेल तर तो ताटावर रुमाल टाकून ठेवतो. कोण कोणाला वाईट बोलत नाय. आणि खाल्ली, तर बोलणं झालं."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडेसुद्धा लग्न ठरतं ते साखरेच्या पुड्यावरच. एवढी अक्कल मला असायला हवी होती. बोलता येत नव्हतं. तोंड भरलेलं. नाही म्हणायचं तर आधी थुंकायला हवं होतं, आणि थुंकायला जागा म्हणजे ते चांदीचं ताट.

खोलीत सगळे उभे होते. सलमाबाईंचा हात नदीमच्या खांद्यावर. ऋजुता माझ्याकडे बघत होती, आणि ती आता हसत नव्हती. तिला माहीत होतं. तिचा काका साखर कशासाठी खातो, हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं मान किंचित हलवली, म्हणजे, काका, चुकून झालं असेल तर सांगून टाका. तिच्या कपाळावर साबणाचा फेस लागला होता. इंग्रिडच्या कपाळावर पीठ होतं, अगदी तिथेच.

मी गिळली. खडीसाखर घशात अडकली आणि मला जोरदार ठसका लागला. सलमाबाई पाणी आणायला धावल्या. त्यांनी नव्या तांब्याचा कागद फाडून टाकला आणि त्यातूनच पाणी दिलं.

मग मी किल्ल्यापाशी जाऊन दादाला फोन लावला. ओहोटी होती. ओल्या वाळूवर आकाश पडलं होतं, तांबूस, आणि त्यावरून पक्षी चालत होते. ऋजुता लांब भिंतीशी पाठ टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"सांगितलंस?" दादानं विचारलं.

"दादा, साखर खाल्ली."

"कुणी?"

"मी. त्यांच्या घरी. सगळ्यांसमोर." दादा सांगलीतच वाढलेला, त्याला रीत समजावून सांगावी लागली नाही.

पलीकडे त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "तुला मधुमेह आहे ना?"

"हो."

"मग कशाला खाल्लीस?"

"समोर होती." आणि मग मी त्याला भेंडीचं सांगितलं, कोलंबीचं सांगितलं, फळीवरच्या भांड्यांचं सांगितलं. आणि म्हटलं, "तू म्हणालास तर मी आत्ता परत जाऊन चूक झाली म्हणून सांगतो. माझी चूक आहे, मला सवय आहे. पण मनापासून विचारशील तर मला सांगायचं नाही."

पक्षी उडाले, परत त्याच जागी बसले.

"स्टिकर अजून आहे म्हणालास?"

"झाकणावर. त्यांनी नखानं काढायचा प्रयत्न केलेला दिसतो."

"नखानं नाही निघत," दादा म्हणाला. "डाग राहतो. त्यांना सांग, गरम पाण्यात ठेवा, अलगद सुटतो. आणि ऋजुताला दे फोन."

मी फोन तिच्या हातात दिला आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागलो, बूट भिजेपर्यंत. पुढचं माझं नव्हतं.

हॉटेलातसुद्धा मिळणार नाही असा नाश्ता दुसऱ्या दिवशी अरादहून आला: तांदळाची भाकरी आणि कोलंबी. ऋजुतानं अखेर माझं बिंग फोडलं होतं. चार दिवस साखर तिनं मुद्दामच लपवली होती का, असं मी तिला विचारलं. "काहीतरीच काय काका," ती म्हणाली, आणि भाकरी माझ्याकडे सरकवताना तिचे कान लाल झाले. हे ती नदीमकडून शिकली असावी.

कादंबरी मी तिथेच, तिच्या गॅलरीत बसून संपवली. परवा प्रकाशकांचा फोन आला. सगळं हस्तलिखित वाचलं म्हणे, दोनदा पानं उलटून पाहिली, कुणी मेलेलं सापडलं नाही.

"अहो, शेकोटी विझते, दोघं झोपतात. मग शेवटी होतं काय?"

"सकाळ होते," मी म्हटलं.